लॉनमालकांची पहिली पोथी

लॉनला स्प्रिंकलर बसवण्याची ही पोथी निव्वळ नवशिक्यांसाठी आहे. जाणकारांनी वाचू नये. आमच्या गोंदियाकडच्या कामठ्यात जाणकारांची टंचाई नाही. तुम्ही लॉनमध्ये पहिली कुदळ मारा, दहा मिनिटांत पाच जण धुऱ्यावर उभे असतील आणि त्यांतल्या प्रत्येकाच्या साळ्याने रायपूरला हेच काम केलेलं असेल.

आधी तुमची पात्रता पाहू. रस्त्याला लागून तुमची एक बांधी आहे. परवापरवापर्यंत तिच्यात धान होतं. मग तुम्ही तिच्यात मुरूम टाकला, वर माती पसरली, कंपाउंड घातलं, लोखंडी गेट बसवलं, गेटावर पोरीच्या नावाची लाइटवाली पाटी लावली आणि झालं लॉन. लग्न, साक्षगंध, बारसं, तेरवी, सगळ्यांच्या ऑर्डरी घेता. किंवा तुम्ही नोकरीतून मोकळे होऊन गावी परतलात आणि घरासमोर हिरवळ असावी असं सूनबाईंच्या मनात आलं. दोघेही चालतील. बिरसीची धावपट्टी इथून जवळच. इंग्रजांनी ती दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी बांधली, आता तिथली शिकाऊ विमानं दिवसभर डोक्यावर घिरट्या घालतात. तुमच्या गवतातले पिवळे चट्टे आधी त्या विमानांतल्या पोरांना दिसणार. तेव्हा काम नीट झालेलं बरं.

गवताबद्दल एकच सांगतो. नर्सरीवाल्याने चौरस फुटाच्या भावाने जे ‘बर्म्युडा’ तुमच्या गळ्यात मारलं, ती आपली हरळी आहे. तुमच्या वडिलांनी जन्मभर धुऱ्यावरून खणून जाळली तीच. हे घरात मोठ्याने बोलू नका.

आता पहिली पायरी, म्हणजे पाण्याचा दाब. इथेच आपल्या भागातल्या माणसाची गाडी अडते, आणि त्यात त्याचा दोष नाही. गोंदिया-भंडाऱ्याचा कास्तकार पाणी ओळखतो ते उतारावरून. कोहळी लोकांनी बांधलेले जुने मालगुजारी तलाव घ्या, नाहीतर अलीकडचे नहर घ्या, पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत जातं. मधला धुरा फावड्याने फोडला की आलं, चिखल लावला की थांबलं. वर उडी मारणारं पाणी त्याच्या हिशेबातच नाही. म्हणून एखादे काकाजी हमखास विचारतील, “पाणी वरून काहून पाडून रायला बाबू? खालून सोड ना.” याला उत्तर नाही. काकाजींना खुर्ची द्या, चहा सांगा आणि पुढच्या कामाला लागा.

जमिनीतून वर उसळणारा स्प्रिंकलर, ज्याला दुकानात पॉप-अप म्हणतात, त्याला नीट चालायला चौरस सेंटिमीटरला साधारण दोन किलो दाब लागतो. दहा मीटर उंच उभ्या पाण्याचा दाब एक किलो. तुमची स्लॅबवरची काळी टाकी फार तर सहा-सात मीटरवर आहे, म्हणजे दाब अर्धा-पाऊण किलो. एवढ्यावर पॉप-अप बोटभर वर येतो, इकडेतिकडे पाहतो आणि पुन्हा खाली जातो. “टाकी मोठी बसवू” हा यावरचा लाडका उपाय आहे. टाकी कितीही मोठी केली तरी उंची तेवढीच राहते, फक्त स्लॅब गळायला लागतो. पंप लावा. कूलरसाठी आणलेला टुल्लू चालणार नाही. पंपाच्या डब्यावर एक तक्ता असतो, किती उंचीला मिनिटाला किती लिटर, तो वाचा. तो तक्ता दुकानदारानेही वाचलेला नसतो, त्यामुळे त्याला विचारण्यात वेळ घालवू नका.

दुसरी पायरी हिशेबाची. समजा तुमचं गवत ६० फूट लांब, ३० फूट रुंद आहे. पंधरा फूट पाणी फेकणारं नोजल घेतलं तर दर पंधरा फुटांवर एक असे लांबीला पाच, रुंदीला तीन, मिळून १५ पॉप-अप बसतात. एकाचं पाणी दुसऱ्याच्या बुडाशी पोचलं पाहिजे, हा यातला मूळ नियम. लोकांना तो उधळपट्टी वाटतो. “मधला एक गाळू” म्हणत ते सहावर येतात आणि मग उन्हाळाभर उरलेल्या गवताला बादलीने पाणी घालतात. कोपऱ्यातलं नोजल पाव वर्तुळाचं घ्या, कडेचं अर्ध्या वर्तुळाचं, मधलं पूर्ण. पूर्ण वर्तुळाचं नोजल मिनिटाला १४ लिटरच्या आसपास पाणी घेतं, अर्धं ७, पाव साडेतीन. कोपरे चार, कडेचे आठ, मधले तीन: एकूण ११२ लिटर. घरगुती पंप एका दमात एवढं देत नाही, म्हणून कॉक लावून तीन भाग करा आणि एकेक भाग चालवा. तिन्ही कॉक एकदम उघडून “आज जोर नाही लाइनीत” असं म्हणायची पद्धत आहे. ती पाळू नका.

आता लाइन आणि पॉप-अप यांच्यामध्ये जोडायची लवचीक नळी आणायला बाजारात जा आणि काउंटरवर नुसतं “फ्लेक्झिबल पाईप द्या” म्हणा. दुकानदार चार वस्तू पुढ्यात टाकेल. एक, हिरवी बागेची नळी. दोन, वायरिंगचा खाचाखाचांचा पाईप. तीन, बेसिनखाली असते ती स्टीलच्या जाळीची नळी. चार, ठिबकची काळी १६ मिलिमीटरची लॅटरल. पाचवी, म्हणजे खरी जी हवी ती, त्याच्याकडे नसेल. खरी नळी जाड भिंतीच्या मऊ पॉलिथिलीनची असते, आतून साधारण १२ मिलिमीटर, आणि तिच्याबरोबर तिचेच प्लास्टिकचे एल्बो मिळतात. त्या एल्बोच्या एका टोकाला अर्धा इंची आटे असतात, दुसऱ्या टोकाला चक्राकार काटे. नागपूरहून मागवा, दोन दिवस थांबा.

थांबवत नसेल तर ठिबकची लॅटरल घ्या. जळगावच्या भवरलाल जैनांनी १९८० च्या दशकात ठिबक घरोघर नेण्याचं मनावर घेतलं. त्याचं पुण्य असं की आज महाराष्ट्रात कुठल्याही तालुक्याला ही नळी आणि तिचे जोड मिळतात. मात्र साधी, जाड भिंतीची मागा, तिच्यावर ‘आयएस १२७८६’ छापलंय का ते पाहा, आणि जोड १६ मिलिमीटरचेच घ्या. आतच ड्रिपर बसवलेली लॅटरल आणू नका. ती जमिनीखाली थेंब थेंब गळत राहील, आणि त्यात तिची चूक नाही, ते तिचं काम आहे. हिरवी नळी क्लॅम्प आवळून पुरली तर क्लॅम्प गंजतो आणि एका पावसाळ्यानंतर सोडतो. बाकीच्या दोन वस्तू काउंटरवरून परत सरकवा.

दुकानात कुणीतरी अनुदानाचा विषय काढेलच. प्रधानमंत्री कृषी सिंचन योजनेत सूक्ष्म सिंचनाला अल्प आणि अत्यल्प भूधारकांसाठी ५५ टक्के, बाकीच्यांसाठी ४५ टक्के अनुदान ठेवलं, आणि राज्याने आपली भर घालून ते ८० आणि ७५ पर्यंत नेलं. हे पिकाला आहे. सातबाऱ्यावर धान दाखवून लग्नाच्या लॉनला तुषार बसवावेत असा विचार तुमच्या मनात आलाच असेल, तर तो मी घातलेला नाही.

आता गाभ्याची गोष्ट. ही लवचीक नळी लागतेच कशाला? खालच्या पीव्हीसी लाइनीतून सरळ कडक पाईप वर काढायचा, टोकाला पॉप-अप आवळायचा, काम संपलं. प्लंबर हेच करतो, आणि दिसायला ते फार देखणं दिसतं. मग वैशाख येतो. रात्री अकराला बिछायत केंद्राचा छोटा हत्ती गाद्या, खुर्च्या आणि सोफ्याचं सिंहासन घेऊन उलटा आत शिरतो. मागे एक पोरगं “येऊ द्या, येऊ द्या” करत असतं. त्याला पॉप-अप म्हणजे काय ते ठाऊक नाही आणि ठाऊक असण्याचं कारणही नाही. चाक डोक्यावर चढतं. वरचं डोकं मजबूत असतं, त्याला ओरखडासुद्धा जात नाही. तो सगळा भार सरळ पाईपातून खाली उतरतो आणि हातभर मातीखालच्या टी-जोडाला, आटे जिथे संपतात नेमक्या तिथे, केसाएवढी चीर पडते. त्या रात्री काही कळत नाही. चौथ्या दिवशी पंप सुरू केला की त्या भागातले सगळे पॉप-अप अर्धेच उठतात आणि जेवणाच्या मंडपाच्या जागी गवत एकाएकी फार हिरवं दिसायला लागतं. मग खोदकाम, मग नवी टी, मग तोच प्लंबर, मग तोच कडक पाईप.

मध्ये हात-दीड हात लवचीक नळी असली तर चाकाखाली डोकं दबतं, नळी जराशी वाकते आणि भार मातीत जातो. टीपर्यंत काही पोचतच नाही. आख्ख्या लाइनीत सैल असायला हवा असा तेवढाच तुकडा आहे. आणि तेवढाच तुकडा पाहून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाचे हात तो ताठ करायला शिवशिवतात. कुणी त्याला विटेचा टेकू देईल, कुणी तारेने बांधेल, कुणी “एवढी नळी वाया काहून घालवता” म्हणून अर्धी कापून टाकेल. माझ्या मते या कामातली निम्मी मेहनत नळी बसवण्याची आणि निम्मी ती लोकांपासून वाचवण्याची आहे.

बसवायची अशी. वीतभर ते हातभर खोल चर खणा. लाइनीवरच्या टीचं तोंड आडवं ठेवा, आकाशाकडे नको. भार बाजूने आला की टी टिकते. टीत आटेवाला एल्बो बसवा. आट्यांवर टेफ्लॉनचे दोन-तीन वेढे पुरतात, आणि ते आवळण्याच्या दिशेने गुंडाळा, उलटे गुंडाळले की एल्बो फिरवताना सगळी टेप लोकरीसारखी बाहेर येते. हाताने घट्ट करा. पाना काढलात की प्लास्टिकचे आटे गेले म्हणून समजा.

नळी कापायला पाईप कटर किंवा धारदार ब्लेड घ्या. विळ्याने कापली की टोक तिरकं होतं आणि तिरक्या टोकात काटे एका बाजूनेच धरतात. लांबी दीड ते दोन फूट. चार फुटांच्या पुढे जाऊ नका, कारण नळीचं भोक लहान आहे आणि लांबी वाढली की दाब वाटेतच खर्च होतो. दोन टोकं मापून, ताणून, गिटारीची तार करू नका. गाईच्या दाव्याला असते तेवढी ढील ठेवा. वळण मोठं द्या. मोडून घडी पडली तर तो तुकडा फेका. सरळ केला तरी घडीच्या जागी तो पुन्हा मोडणार.

काट्यांवर नळी चढवणं हे मनगटाचं काम आहे. डाव्या हातात एल्बो घट्ट धरायचा, उजव्या हाताने नळी दाबत दाबत फिरवायची, काट्यांच्या वळणाप्रमाणे. पहिल्या वेढ्याला ती जागची हलत नाही, दुसऱ्याला कुरकुरते, मग एकदम पकड घेते आणि फिरवत नेली की एल्बोच्या खांद्याला जाऊन टेकते. टेकलीच पाहिजे. मध्ये दोन सूत फट राहिली तर आज गळणार नाही, वरातीच्या दिवशी गळेल. यात तेल, साबण काहीही लावू नका. डिसेंबरच्या सकाळी नळी कडक झालेली असते, तेव्हा वेटोळं तासभर उन्हात टाका. चहाच्या पातेल्यात टोक बुडवून मऊ करणारे लोक असतात. गरम केलेली नळी सहज चढते आणि तितक्याच सहज उतरते.

आणि सोल्यूशन! प्लंबरच्या हातून ती डबी काढून घ्या. पीव्हीसीचं सोल्यूशन पीव्हीसीला वितळवून जोडतं. पॉलिथिलीनवर त्याचा काडीचाही परिणाम होत नाही, फक्त वास येतो. तरीही तो लावील. “असू द्या जी, लावलेलं बरं असते” म्हणेल. अशा वेळी त्याला दुसऱ्या टोकाला काहीतरी मोजायला पाठवा.

नोजल इतक्यात बसवू नका. आधी सगळ्या डोक्यांची तोंडं उघडी ठेवून पाच मिनिटं पंप चालवा. लाइनीतून काय काय निघतं ते मुलांना दाखवण्यासारखं असतं. हॅक्सॉचा भुसा, मुरूम, टेफ्लॉनचे तुकडे, बोअरची बारीक रेती, आणि पाणी बोडीतून, म्हणजे छोट्या तळ्यातून, घेतलं असेल तर शेवाळही. मग नोजलखालची छोटी जाळी घाला, वर नोजल. ती जाळी “काही कामाची नाही” म्हणून फेकून देण्याचा रिवाज आहे. ती फेकली की आठ दिवसांत नोजलं एका बाजूलाच मुतायला लागतात. शब्दाबद्दल माफी, पण कामावर हाच शब्द चालतो.

डोक्याची उंची जमिनीबरोबर ठेवा, गवताच्या शेंड्याबरोबर नाही. उंच राहिलं तर मशीनच्या पात्यात येतं, खोल गेलं तर त्याच्याभोवती डबकं साचतं. इथे लवचीक नळीचा दुसरा फायदा: पुढच्या वर्षी माती बसली, गवताचा थर चढला, तर नुसतं डोक्याभोवती उकरून ते अंगठाभर वर घेता येतं, टीला हात लावावा लागत नाही. पण एक ध्यानात असू द्या. कडक पाईपावर डोकं पाईपाच्या जोरावर उभं असतं. इथे त्याला मातीनेच धरायचं आहे. नुसती माती लोटून पाय मारलात तर पहिल्या दाबाला ते मान टाकेल. चार-चार बोटांचे थर घाला, पाणी शिंपडा, सब्बलीच्या बुडाने ठोका, पुन्हा थर घाला. धुरा बांधतानाचा हात इथे पुरेपूर उपयोगी पडतो. खुर्चीतले काकाजी आता उठतील आणि हे काम तुमच्यापेक्षा चांगलं करतील. करू द्या.

किती वेळ चालवायचं, हा हिशेब सोपा. मे महिन्यात हिरवळीला दिवसाला सहा-सात मिलिमीटर पाणी पुरतं. वरच्या मापाने बसवलेले पॉप-अप तासाला ४० मिलिमीटर ओततात, म्हणजे दहा मिनिटं झाली की बस. त्यातही आपली माती. खाली वर्षानुवर्षं चिखलणी केलेली बांधी आहे, पाणी साठवण्यासाठीच घोटलेली, त्यात चिकट कन्हार जमीन असेल तर विचारूच नका. तिच्यात पाणी इतक्या वेगाने मुरत नाही. म्हणून पाच मिनिटं चालवा, तासभर थांबा, पुन्हा पाच मिनिटं. पहाटे चालवा. लग्नाच्या आदल्या दिवशी अजिबात चालवू नका, डीजेची गाडी रुतते आणि तिला काढायला दोन्हीकडचे पाहुणे लागतात. वरपक्ष रुसण्याला एरवीही कारणं पुष्कळ असतात.

चर बुजवण्याआधी मोबाइलने फोटो काढा, टेप जमिनीवर ठेवून. कंपाउंडपासून लाइन किती फुटांवर, कोणतं डोकं कुठे, सगळं दिसलं पाहिजे. हे फोटो बिछायतवाल्याला दाखवायचे. मंडपाचा लोखंडी खुंटा हातभर खोल जातो आणि घण मारणाऱ्या पोराला खाली खडक लागला की पाईप फुटला यातला फरक मनगटाला कळत नाही. फोटो दाखवूनही तो खुंटा लाइनीवरच ठोकेल, कारण दोर तिथेच सरळ येतो. तेव्हा लाइन मुळातच कंपाउंडच्या कडेने घ्या आणि मधल्या डोक्यांवर त्या दिवशी उलट्या बादल्या ठेवा. झेंड्या लावू नका. वरातीतली पोरं झेंड्या काढून नाचतात.

पहिला दमदार पाऊस पडला की पंपाचा स्विच काढून ठेवा. इथे वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि जुलैत तुमचं लॉन आपली मूळ जात आठवून पुन्हा बांधी होतं. रोवण्याच्या दिवसांत शेजारची बाई गेटातून डोकावून “पऱ्हे उरले आहेत, देऊ काय?” असं विचारेल. हसून नाही म्हणा. दिवाळीनंतर नोजलं काढून जाळ्या धुवा, खाली गेलेली डोकी वर घ्या, एकेक भाग चालवून पाहा.

उरलेल्या नळीचं वेटोळं गोठ्यात खिळ्याला टांगा, पण दिसेल असं नको. मार्च लागला की मोहल्ल्यात कूलर निघतात आणि “भाऊ, दोन हात नळी द्या ना, पंपाले लावाची आहे” म्हणून माणूस येतोच. कूलरच्या पंपाचं तोंड वेगळ्या मापाचं असतं, ही नळी त्याला बसत नाही, हे त्याला समजावण्यात अर्थ नाही. तो घेऊन जाईल, सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळील आणि बसवून दाखवील.